डाव्या गालातला घास

बांग ताखियन
२ फेब्रुवारी, बुद्धवर्ष २५४७

कोप,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो तूर्त बाकी ठेवते. जमलं तर शेवटी देईन.

तुझी फुलांची चक्री पोहोचली. एवढी मोठी की विहाराच्या दारातून आडवी करून आत न्यावी लागली. फितीवर तुझ्या खात्याचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरांत तुझं. तुझ्या दाजींचं नाव कुठेच नव्हतं. थोरले भंते सहसा कुणाला टोमणा मारत नाहीत, पण तेही म्हणाले, "कुठल्या उद्घाटनाची तर चुकून इकडे आली नाही ना?"

तू आला नाहीस. तुझ्या कचेरीतल्या बाईंनी फोनवर सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, "चिता संध्याकाळपर्यंत जळेल, मीटिंग कधीपर्यंत चालेल?" त्यांनी "धरून ठेवा" म्हटलं आणि गाणं लावून दिलं. मी ते पूर्ण ऐकलं. गाणं वाईट नव्हतं.

आता जे लिहिते ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण हे विसरण्याचाच तुला पगार मिळतो.

नोव्हेंबरपासून कोंबड्या मरत होत्या. आधी आमच्या शेडमधल्या, मग कालव्यापलीकडच्या, मग अंगणातल्या. सकाळी दार उघडलं की जमीन दिसायची नाही. तू टीव्हीवर येऊन सांगितलंस की हा कोंबड्यांचा कॉलरा आहे, थंडीने वाढलाय, माणसाला होत नाही. मग ते जेवण झालं. लांब टेबल, पांढरं कापड, मधोमध मोठे साहेब आणि अगदी टोकाला तू. सगळ्यांनी तळलेली तंगडी उचलली आणि देशाला खाऊन दाखवली.

ते दाखवलं तेव्हा मी बाजारात होते. घरी आले तर तुझे दाजी खुशीत. "तुझा भाऊ काय ऐटीत खात होता! लोक उगाच घाबरतात. आपला कोप खातोय म्हटल्यावर कसली भीती?"

त्याच आठवड्यात त्यांचा झुंजीचा कोंबडा हळद्या घरघरायला लागला.

घरघरणाऱ्या कोंबड्याला ते काय करतात, हे तू चड्डी न घालता फिरायचास तेव्हापासून पाहिलं आहेस. सात गावांत त्यांच्यासारखा पाणी-हात नव्हता. झुंजीच्या दोन फेऱ्यांमध्ये कोंबडा मांडीवर घ्यायचा, चौकड्याच्या ओल्या फडक्याने पुसायचा, भिजवलेलं पीस नरड्यात फिरवायचं, आणि तेवढ्याने श्वास मोकळा झाला नाही तर चोचीला तोंड लावून रक्त आणि कफ ओढून थुंकायचा. आखाड्यात जे करायचं तेच घरी, आजारी कोंबड्यालाही. त्यांच्या वडिलांनी केलं, आजोबांनी केलं. कोंबडी कशी धरायची हे तुला पहिल्यांदा त्यांनीच शिकवलं. त्यानंतर तू कोंबड्यांचा डॉक्टर झालास.

हळद्या वाचला नाही. मग यांना ताप आला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर बसले होते. समोर भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद करून ठेवलेला. त्यावर ते जेवण पुन्हा दाखवलं. आवाज बंद असला की माणूस नीट दिसतो. तू लचका तोडलास, चावलास, कॅमेऱ्याकडे बघून हसलास. पण गिळलं नाहीस. घास डाव्या गालात ठेवून दिलास.

आई गेल्यावर तुला मी भरवलं आहे. कारल्याचा घास तू असाच डाव्या गालात धरून बसायचास आणि माझी पाठ फिरली की मागच्या पायरीवरून बदकांपुढे थुंकायचास. गाल फुगवून बसणारा म्हणून तुझं नाव कोप पडलं. बेडूक. कागदावर तू डॉक्टर विरोत असशील. अख्ख्या देशाला तू खाताना दिसलास, मला न गिळताना दिसलास.

तुला माहीत होतं.

आतला डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "कोंबड्यांत वावर होता का यांचा?" मी म्हटलं, "कोंबड्याच्या तोंडाला तोंड लावायचे." त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी," तो हळूच म्हणाला, "मला न्यूमोनियाच लिहावा लागेल. दुसरं नाव लिहायची मुभा नाही."

त्याने निदान मान तरी खाली घातली.

बुनरुअन


२१ फेब्रुवारी

कोप,

तू मला थेट फोन करत नाहीस. गावप्रमुखाच्या घरी करतोस, म्हणजे त्याच्या बायकोला ऐकू जाईल आणि मी ओरडणार नाही. हिशेब बरोबर आहे. मी ओरडले नाही. पण तिच्यासमोर बोलता आलं नाही ते आता लिहिते.

तू म्हणालास, "ताई, तू नीट समजून घे. आपली कोंबडी परदेशात जाते. लाखो माणसांची चूल त्यावर पेटते. तो एक शब्द उच्चारला की गिऱ्हाईक दार लावतं."

मी म्हटलं, "मग नाही उच्चारला. लागलं नाही का दार?"

तू मग म्हणालास, "ते वेगळं."

काय वेगळं? नाव तुम्ही घेतलंच नाही. ज्यांना विकत होतो त्यांना कळलं, त्यांनी बर्ड फ्लू म्हणून जगाला सांगितलं, दार लावलं, आणि मग तुम्ही घसा खाकरून म्हणालात, हो, आहे थोडासा, पण दोनच जिल्ह्यांत. आपल्या जिल्ह्यात नाही. आपल्या जिल्ह्यात का नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. कोंबड्यांच्या कंपनीचा सगळ्यात मोठा कारखाना इथे आहे. रोगसुद्धा कारखान्याचं फाटक बघून वळतो म्हणायचा.

गेल्या वर्षी उत्तरेकडच्या मोठ्या देशाने तो श्वासाचा ताप लपवला, तेव्हा नववर्षाच्या जेवणाला तू इथेच माझ्या चटईवर बसला होतास. चटईवर मूठ आपटून म्हणाला होतास, "दाजी, हे लोक गुन्हेगार आहेत. आपल्याकडे असं कधीच होणार नाही." तुझ्या दाजींनी तुझ्या पानात माशाचं डोकं वाढलं होतं. मोठं बोलणाऱ्याला मोठा तुकडा.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. बाकीचं विहारातल्या जुन्या वर्तमानपत्रांतून आणि भंत्यांच्या कपाटातल्या पुस्तकांतून शिकले. त्यामुळे माझं चुकत असेल तर सांग. पण मला असं दिसतं. पलीकडच्या गावात सीमेपल्याडची एक बाई कापणीला येते. ती परवा म्हणत होती, "आमच्याकडे पाच कोंबड्या मेल्या की गावप्रमुख लगेच बोंब मारतो. मग गोरे साहेब गाड्या घेऊन येतात. औषध येतं, पांढरे कपडे येतात, वर पुलाचं काम मिळतं. तुमच्याकडे एवढ्या मेल्या आणि सगळे मुके कसे?" मी तिला म्हटलं, बाई, भिकाऱ्याला जखम उघडी ठेवावी लागते, दुकानदाराला झाकावी लागते. तुमच्याकडे विकायला काही नाही म्हणून तुमचा देश खरं बोलतो. आमच्याकडे आहे.

दोघेही दुसऱ्याच्या हाताकडे बघून बोलतात. खरं-खोटं हा नंतरचा भाग. यात देशाचा अभिमान कुठे बसवायचा ते तू मला एकदा समजावून सांग. तुझ्या कोटावर तो झेंडा टाचलेला असतो म्हणून विचारते.

आमची गतही तीच, हे मला कळतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. आमचा फक्त वास. मर सुरू झाली तेव्हा कंपनीच्या गाड्या तुझ्या खात्याच्या आधी आल्या. ज्या कोंबड्या पायांवर उभ्या होत्या त्या घेऊन गेल्या. मेलेल्या आमच्या, जिवंत कंपनीच्या. पर्यवेक्षक म्हणाला, "वहिनी, कुणी विचारलं तर कॉलरा म्हणा. पुढची पिल्लं हवीत ना?" आणि सगळं गाव कॉलरा म्हणालं. गावाला मी नावं ठेवत नाही. गावाने शपथ घेतली नव्हती. तू डॉक्टर होताना घेतली होतीस, मी पुढच्या रांगेत बसून ऐकली होती. दाजींनी त्या दिवशी मुद्दाम बूट घातले होते.

बुनरुअन


१८ मार्च

कोप,

खोकं मिळालं. माशाचे डबे, चहा, बिस्किटं. सगळं आहे, कोंबडी नाही. हुशार आहेस. डबे मी विहारात दिले. बिस्किटं मुंग्यांनी खाल्ली, त्यांना कुणी पाठवली याच्याशी देणंघेणं नसतं.

आणि खोक्यासोबत तुझ्या कचेरीचं ते आमंत्रण. चिकन महोत्सवात मी व्यासपीठावर बसावं, आणि "दिवंगत कुक्कुटप्रेमी श्री. प्रयून यांच्या पत्नी" म्हणून लोकांसमोर तंगडी खावी. मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं कुणी थट्टा केली आहे. खाली तुझी सही होती. मग तू थट्टा करण्याइतका धीट नाहीस हे आठवलं.

मी गेले नाही. पण महोत्सव शाळेच्या मैदानावर होता आणि माझं घर मैदानाला लागून आहे, त्यामुळे ऐकू सगळं आलं. फुकट कोंबडी म्हटल्यावर तीन गावं लोटली. निवेदक ओरडत होता, "खा, खा, देशासाठी खा!" आपली म्हातारी सोमकिड आजी दात नसताना गेली आणि पिशवी भरून आली. मी म्हटलं, "आजी, भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "अगं, या वयात मला भीती फक्त हाडाची."

हसू नकोस. तिच्यापुरतं ती बरोबर आहे. तळलेल्या कोंबडीने कुणी मरत नाही, हे मी वाचलं आहे. तुम्हालाही ते पक्कं माहीत आहे, म्हणूनच सारखे तळून खाता. मरतो तो जिवंत कोंबडीला हात लावणारा. त्याच्याकरता तुम्ही एकही महोत्सव भरवला नाहीत.

आता कामाचं. हे पत्र त्यासाठीच आहे, बाकीचा माझा राग समज आणि बाजूला ठेव.

सवेंग. तुझ्या दाजींचा मित्र, उजव्या हाताला अंगठा नसलेला. आता आखाड्याचा पाणी-हात तो आहे. दाजींनंतर त्याच्याशिवाय कुणी उरलंच नाही. आखाडा सरकारी हुकमाने जानेवारीपासून बंद आहे, पण एप्रिलमधल्या नववर्षाच्या पाणसणानंतर उघडणार असं मालकाने ठरवून ठेवलं आहे. परवा त्याच्या अंगणात गेले तर तो एका कोंबड्याच्या चोचीला तोंड लावून बसलेला.

मी ओरडले, "भाऊजी, थुंका! आधी थुंका ते!"

तो थुंकला, तोंड पुसून हसला. "वहिनी, घाबरवलंत की. कोंबड्याला नुसती सर्दी आहे."

"ह्यांनाही असंच वाटलं होतं."

"प्रयूनला न्यूमोनिया झाला. डॉक्टरने लिहिलंय तसं."

"त्याला तसं लिहायला लावलं. तुम्ही वर्तमानपत्र वाचत नाही का?"

"वर्तमानपत्र बँकॉकचं, वहिनी. त्यांना आपल्या झुंजी बंद पाडायच्याच आहेत." मग तो जरा नरमला. "तुम्ही दुःखात आहात. पुस्तकंही फार वाचता. मी तुमचं ऐकू की कोपचं? तो आपला पोरगा, सरकारात मोठा डॉक्टर. त्याने टीव्हीवर सांगितलं, माणसाला होत नाही. त्याने एकदा सांगू दे की होतं, त्याच दिवशी सोडतो. बुद्धाशपथ."

ऐकलंस? या गावात तुझा शब्द अजून चालतो. मला याची लाज वाटते, पण चालतो. मी घसा फोडला तरी मी नवरा गेलेली, डोकं फिरलेली बाई. तू एक वाक्य बोललास तर सवेंग वाचेल आणि त्याच्याकडून शिकणारे सगळे वाचतील.

पंचवीस एप्रिलला तुझ्या दाजींचं शंभर दिवसांचं पुण्यकर्म आहे. रविवार आहे, मीटिंग नसते. ये. मंडपात ध्वनिक्षेपक असतो. त्यावर एवढंच सांग: प्रयून कोंबड्याच्या रोगाने गेले, कोंबड्याला तोंड लावू नका. कॅमेरे नसतील. तुझं गिऱ्हाईक बांग ताखियनच्या मंडपात येऊन बसत नाही.

मला तुझं माफी मागणं नको आहे, ते कचेरीत ठेव. हे एक वाक्य हवं आहे.

बुनरुअन


१५ एप्रिल

कोप,

पाणसण झाला. मी बाहेर पडले नाही, पण पोरांनी दारातच बादली ओतली. "मावशी, थंड व्हा!" त्यांना कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलेलं दिसतं.

आई-बाबांच्या अस्थींवर सुगंधी पाणी घातलं. तुझ्या वाटचंही मीच घातलं. दरवर्षी मीच घालते. आईला मनात सांगितलं, तुझा लेक येतोय म्हणतो.

तुझं पत्र वाचलं. येतोस, ठीक. एकटा येत नाहीस, जिल्ह्याचे साहेब सोबत आहेत, तेही ठीक, दोन पानं जास्त वाढू. पण खाली जे लिहिलं आहेस ते वाचून मी चुलीवरचं कालवण उतरवून ठेवलं. "बोलताना समतोल राखावा लागेल. पुढच्या महिन्यात परदेशी तपासनीस येत आहेत. आपला जिल्हा स्वच्छ आहे अशी आपली अधिकृत भूमिका आहे. मी लोकांना सर्वसाधारण काळजी घ्यायला सांगेन."

सर्वसाधारण काळजी! तुझे दाजी सर्वसाधारण मेले नाहीत. अंग निळं पडून मेले, आणि शेवटपर्यंत हळद्याला पाणी पाजलं का विचारत होते.

आखाडा दोन मेला उघडतोय. मालकाने फलक लावला आहे. सवेंगने चौकड्याचं नवं फडकं घेतलं, मला दाखवायला आणलं होतं. "प्रयूनसारखंच आहे ना, वहिनी?" मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार?

ये. जेवायला माशाचं आंबट कालवण आहे. कारलंही करते.

बुनरुअन


३ मे

कोप,

पंचवीस तारखेला जे झालं ते तू कचेरीत वेगळं सांगितलं असशील. गर्दी होती, उकाडा होता, बहीण शोकाने भ्रमिष्ट झाली होती. म्हणून मी माझ्याकडचं लिहून ठेवते, आणि तुझी गाडी धूळ उडवत गेल्यावर काय झालं तेही, कारण ते तू पाहिलं नाहीस.

भिक्खूंचं जेवण झालं, सूत्रपठण झालं. लोक मंडपात पंगतीला बसले होते. तू ध्वनिक्षेपक घेतलास. दाजी वडिलांसारखे होते म्हणालास. हवामान फार बदललंय म्हणालास. हात साबणाने धुवावेत, सर्वसाधारण काळजी घ्यावी. जिल्ह्याचे साहेब मान डोलवत होते. सोमकिड आजी माझ्या कानात म्हणाली, "हा पोरगा काय विकतोय, साबण?"

मग सवेंग उभा राहिला. त्याने हात जोडले, तुला नीट मान दिला. "डॉक्टरसाहेब, पुढच्या रविवारी आखाडा उघडतोय. मला एकच सांगा. कोंबडा घरघरला तर तोंड लावायचं की नाही?"

तू साहेबांकडे पाहिलंस. "काका, खात्याच्या सूचनांप्रमाणे आजारी पक्ष्यांशी अनावश्यक संपर्क…"

"आवश्यक असला तर?"

लोक हसले. तूही हसलास. अगदी टीव्हीवरच्यासारखा.

"लावायचं का नाही, एवढंच सांगा साहेब. हो की नाही?"

"आपल्या जिल्ह्यात रोग नाही, काका," तू म्हणालास. "घाबरायचं कारण नाही."

सवेंग माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर विजय नव्हता, उलट माझी कीव होती. बघा वहिनी, मी म्हणत होतो ना. तो खाली बसायला लागला. तो तसाच बसला असता तर पुढच्या पावसाळ्यात त्याची चक्री आली असती, कदाचित तुझ्याच खात्याकडून.

तेव्हा मी मागच्या खांबाशी ठेवलेली टोपली उचलली. हळद्याचा भाऊ, काळ्या. बगलेत धरून तुझ्यासमोर आले. तो घशातून घुर्र घुर्र करत होता. ध्वनिक्षेपक तुझ्या हातात चालूच होता, त्यामुळे ती घरघर मंडपभर ऐकू गेली. लोकांचे हात पानातच थांबले.

मी म्हटलं, "घे. नरडं भरलंय त्याचं. ओढ."

"ताई, हे काय चालवलंयस?"

"रोग नाही ना? माणसाला होत नाही ना? मग ओढ. दाजींनी शिकवलंय तुला. चोच अशी धरायची, तोंड लावायचं. दाजींच्या शंभराव्या दिवशी त्यांच्या कोंबड्यासाठी एवढं कर."

आणि मी काळ्याला तुझ्या तोंडापाशी नेलं.

तू काय केलंस ते तुला आठवत नसेल, अंग करतं ते मनाला कळत नाही. तू मागे उडी मारलीस. तुझी पाठ कालवणाच्या पातेल्याला लागली आणि सगळं आंबट कालवण साहेबांच्या विजारीवर गेलं. ध्वनिक्षेपक खाली पडून किंचाळला. तू दोन्ही हातांनी नाक-तोंड दाबलंस, खिशातला रुमाल काढून त्यावर धरलास, आणि रुमालातूनच ओरडलास, "लांब ने त्याला! लांब ने!"

मंडपात एक पोरगं रडायला लागलं. मग सोमकिड आजी म्हणाली, आणि तिला वाटलं ती हळूच बोलतेय, "अगं बाई. साहेब तर मरणाला भ्यालेत."

मी सवेंगकडे पाहिलं. तो अजून अर्धा उभा, अर्धा बसलेला होता. त्याने गालातलं पान बाहेर काढलं, खूप वेळ हातात धरलं, मग नवं फडकं खांद्यावरून ओढून तोंड पुसायला लागला. पुसतच राहिला.

तू गाडीत बसलास. काच वर केलीस. कारलं तसंच राहिलं.

संध्याकाळी सवेंग माझ्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "वहिनी, कोपने तोंडाने माणसाला होतं म्हटलं असतं ना, तरी मला थोडी शंका राहिली असती. सरकारी माणूस, आज एक बोलतो, उद्या दुसरं. पण ती उडी खरी होती." उठताना म्हणाला, "प्रयूनने मला शिकवलं, मी माझ्या धाकट्याला शिकवलं. आज त्याला सांगितलं, विसर." आणि घराकडे जाताना रडला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

काल दोन मे होती. आखाडा उघडला नाही. तुमच्या बंदीने नाही, तुम्ही ती उठवलीच होती. मालक आसपासच्या गावांत फिरला, त्याला एकही पाणी-हात मिळाला नाही. उडीची गोष्ट त्याच्या आधी पोहोचली होती. म्हणे एका गावात पोरं खेळ खेळतात, एक कोंबडा होतो, एक साहेब.

कंपनीचा माणूसही येऊन गेला. पुढची पिल्लं मला मिळणार नाहीत. बरं झालं, वास तरी जाईल.

एक गोष्ट राहिली. तू त्या दिवसापासून रोज ताप मोजत असशील, घशाला हात लावून बघत असशील. तुला मी ओळखते. म्हणून सांगते, काळ्या ठणठणीत आहे. जानेवारीपासून मी त्याला वेगळ्या टोपलीत, सगळ्यांपासून लांब ठेवला होता. त्या दिवशी मंडपात यायच्या आधी त्याला भाताची पातळ पेज पाजली होती, ती त्याच्या घशात घुर्र करत होती. आजारी कोंबडा मी कुणाच्या तोंडापुढे धरला नसता. माझ्या हातून ते व्हायचं नाही. ते शिकायला बँकॉकला जावं लागतं.

पहिल्या पत्रात तुझा आशीर्वाद बाकी ठेवला होता. दाजी असते तर म्हणाले असते, देऊन टाक, आपला पोरगा आहे. तेव्हा त्यांच्या वतीने देते.

खूप जग. आणि जेवायला बसशील तेव्हा घास गिळता येवो.

बुनरुअन